घरी फोटो छापायला प्रिंटर: घ्यावा का, आणि कोणता?

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी,

फोनमध्ये फोटो इतके साचलेत की नवीन काढायला गेलं की जागा नाही म्हणतो. सासूबाईंचं म्हणणं, "ते बोटानं सरकवायचं मला जमत नाही, हातात धरता येईल असा फोटो दे." लेक सहावीत. तिला दर आठवड्याला शाळेसाठी कसलं तरी रंगीत चित्र हवं असतं. ज्वालामुखी, फुलपाखराचं जीवनचक्र, समाजसुधारक. आठवण होते रात्री साडेनऊला, तेव्हा जुळे सोलापुरातली झेरॉक्सची दुकानं बंद झालेली असतात.

तर एक प्रिंटर घ्यायचाय. नवी पेठेतल्या दुकानात विचारलं तर "ताई, यात सगळंच होतं" असं प्रत्येक डब्याबद्दल सांगितलं. चार रंगांचा, सहा रंगांचा, टाकीवाला, कार्ट्रिजवाला, शिवाय फक्त पोस्टकार्डाएवढे फोटो काढणारा एक छोटा. बजेट पंधरा हजारांपर्यंत. पटण्यासारखं कारण मिळालं तर वीस. फोटो बरे यावेत, टिकावेत आणि यंत्र उन्हाळ्यात दगा देऊ नये, एवढंच मागणं आहे. जाणकारांनी सांगावं.

कडकभाकरी

घेऊ नका. स्टुडिओत द्या.

हुरडापार्टी

आमच्याकडे आहे प्रिंटर. सध्या त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतो. वरून सपाट आहे, कपडे चुरगळत नाहीत. शिफारस करतो.

नवीपेठकर

वरचे दोघेही थट्टेत खरंच बोलतायत, पण ताईंना नीट उत्तर मिळायला हवं.

आधी कार्ट्रिजवाले बाजूला काढा. यंत्र स्वस्त असतं, पण कार्ट्रिजमध्ये शाई जेमतेम काही मिली. त्यातही तीन रंग एकाच डबीत असले की निळा संपला म्हणून उरलेल्या लाल-पिवळ्यासकट डबी फेकायची. फोटोला शाई भरपूर लागते, त्यामुळे या प्रकारात फोटो छापणं म्हणजे महिनाभरात यंत्राची किंमत शाईवर घालवणं.

आता टाकीवाले, म्हणजे बाटलीतून शाई ओतायचे. शाळेच्या कामाला चार रंगांचा उत्तम. फोटोही येतो, पण एक गोम आहे जी दुकानदार सांगत नाही. यातल्या बऱ्याच मॉडेलांत, उदाहरणार्थ कॅननच्या जी मालिकेत, काळी शाई पिगमेंट (रंगाचे बारीक कण) असते आणि बाकी तीन डाय (विरघळलेला रंग). ती काळी साध्या कागदावर अक्षरं ठसठशीत आणते, मात्र चकचकीत फोटो कागदाच्या थरावर ती नीट बसत नाही. म्हणून फोटो छापताना यंत्र तिला हात लावत नाही. निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून काळा तयार करतं. त्यामुळे केस किंवा रात्रीचं आभाळ गडद तपकिरीकडे झुकतं. शेजारी स्टुडिओचा फोटो ठेवला तरच कळतं, पण कळतं.

एप्सनच्या सहा रंगांच्यात फिका निळा आणि फिका किरमिजी जास्तीचे. गालावरचा उजेड, पांढरा कपडा, पहाटेचं आभाळ अशा फिक्या जागी गडद शाईचे ठिपके विखुरले की रवाळ दिसतं. फिक्या शाईनं तेच गुळगुळीत येतं. एप्सनचा एल ८०५ या कामासाठी नावाजलेला, आता त्याच्या जागी एल ८०५० आहे. पण त्यात स्कॅनर नाही, आणि तो तुमच्या बजेटच्या वर जाईल.

आणि खोक्यावर ५७६० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) लिहिलंय म्हणून भुलू नका. ते शाईचे थेंब किती जवळजवळ पडू शकतात याचं माप आहे, फोटोतल्या तपशिलाचं नाही. चार बाय सहा इंचाला, इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबानं, १२०० × १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलपेक्षा थोडं जास्त. ए-फोरला साडेआठ-पावणेनऊ. तुमचा फोन त्याच्या कैक पुढे आहे.

चादरवाला_अण्णा

नवीपेठकर मालक, बरोबर बोललास बे. पण वापरायचं कसं ते राहिलं, म्हणून लिहायलोय.

माझं चादर-टॉवेलचं काम हाय. व्यापाऱ्याला डिझाइनचे फोटो पाठवायचे तर मोबाइलवर लाल दिसतो वेगळा आणि चादरीत असतो वेगळा. म्हणून कागदावर छापून, चादर शेजारी ठेवून, रंग जुळला की मगच पुढं. एल ८०५ वर लई वर्षं काढली. मशीन चांगलं हाय, पण ह्याला रिकामं बसायला आवडत नाही.

आपल्याकडं मार्च लागला की हवा कोरडी, एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा. शाई पाण्याची असते. हेड म्हणजे शाई फवारणारा भाग, त्याची भोकं केसापेक्षा बारीक. दोन-तीन आठवडे मशीन बंद राहिलं की भोकाच्या तोंडाशी शाई वाळते. मग फोटोत आडव्या पांढऱ्या रेघा. मग हेड क्लीनिंग दाबायचं, त्यात टाकीतली शाई खाली फेकली जाते. ती जाते कुठं? मशीनच्या बुडाशी स्पंजासारखं पॅड असतं त्यात. ते भरलं असं मशीनला वाटलं की एक दिवस दिवे लुकलुकायला लागतात आणि काम ठप्प. माझ्या भाच्याच्या मशीनचं तसंच झालं. सर्व्हिसवाल्यानं पॅड बदलायच्या ऐवजी नवीन मशीन घ्या म्हणून सांगितलं. शेवटी गल्लीतल्या पोरानं पॅड बदलून दिलं.

माझी रीत अशी: सोमवारी दुकान उघडलं की उदबत्ती लावायची आणि एक नोझल चेक, म्हणजे भोकं उघडी हायत का त्याचा नमुना, काढायचा. साधा कागद, थोडीशी शाई, चार रेघा. सगळ्या रेघा सलग आल्या तर क्लीनिंगला हात लावायचा नाही. आणि मशीन बंद करताना त्याच्या स्वतःच्या बटणानं करायचं, भिंतीवरच्या स्विचनं नाही. बटण दाबलं की हेड कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसतं. मध्येच वीज तोडली तर ते उघडंच राहतं. लाईट जायच्या आपल्या गावात हे ध्यानात ठेवा.

कूलरच्या समोर ठेवू नका. ओल्या वाऱ्यानं फोटो कागद वळतो आणि हेडला घासतो.

हुरडापार्टी

अण्णा, देवासोबत प्रिंटरलाही उदबत्ती?

चादरवाला_अण्णा

दोघंही वेळेला पावले पाहिजेत की बे.

निगेटिव्ह

कडकभाकरींनी दोन शब्दांत उरकलं, मी जरा बाजू मांडतो. स्टुडिओत आयुष्य गेलं, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच समजून घ्या.

रसायनावर चालणाऱ्या लॅबमध्ये जो फोटो निघतो तो शाईचा नसतो. कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो, त्यावर उजेडानं चित्र उमटवतात आणि रसायनात धुतात. रंग थराच्या आत तयार होतो. म्हणून तो पाण्याच्या थेंबानं फुटत नाही, घामट बोटानं पुसला जात नाही. तुमच्या सासूबाई फोटो हातात धरून बघणार आहेत, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं.

दुसरं, घरच्या प्रिंटरवर पांढरा रंग छापलाच जात नाही. पांढरं म्हणजे न छापलेला कागद. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला कुठलाही फोटो घ्या. नंदीध्वज धरणारे, पाठीमागचे, सगळे पांढऱ्या बाराबंदीत. भर उन्हात शेकडो पांढरे कपडे. त्यात सुरकुत्यांची सावली जरा निळसर झाली की सगळी मिरवणूक नीळ घातल्यासारखी, जरा पिवळी झाली की कपडे न धुतल्यासारखे. पांढऱ्यावर चूक लपत नाही. कागद बदलला तरी पांढरा बदलतो, कारण काही कागदांत उजळपणासाठी घातलेलं द्रव्य ट्यूबलाइटखाली निळं मारतं. नवा प्रिंटर पारखायचा असेल तर असा बाराबंदीचा फोटो छापून खिडकीच्या उजेडात बघा. फुलांचे आणि सूर्यास्ताचे फोटो कुठल्याही यंत्रावर छानच येतात.

तिरकीरेघ

निगेटिव्हकाका, आदर राखून असहमत.

लॅबचा कागद उत्तम, पण तिथं बसलेलं ऑटो करेक्शन? माझ्या बहिणीच्या हळदीचे फोटो इथल्याच एका लॅबमध्ये दिले. फोटोत हळद, साड्या पिवळ्या, मागं झेंडूच्या माळा. यंत्राला वाटलं, फोटो पिवळा पडलाय, सुधारायला हवा. त्यानं पिवळा काढून घेतला. नवरीच्या गालावरची हळद फिक्कट आणि पाठीमागच्या भिंतीवर निळी झाक. काउंटरवर दाखवलं तर "मशीनमधून असंच येतं." आईनं ते फोटो अल्बममध्ये लावू दिले नाहीत.

घरी मी स्वतः बघून छापते. नाही आवडलं तर पुन्हा. शिवाय प्रत्येक फोटो परक्याच्या कॉम्प्युटरवर टाकायचा, तो तिथं किती दिवस राहणार हे कुणी सांगत नाही. बाळाच्या अंघोळीचे, आजारपणाचे फोटो मला तरी पेनड्राइव्हवर घालून द्यायला आवडत नाहीत.

निगेटिव्ह

हळदीचं खरं आहे, फार वेळा होतं. देताना "करेक्शन नको" असं सांगायचं आणि पाकिटावर लिहून घ्यायचं. चांगला ऑपरेटर असेल तर ऐकतो. नसेल तर दुसरा स्टुडिओ गाठायचा, सोलापुरात कमी नाहीत.

शेंगाचटणी

सगळ्यांचे आभार. अण्णा, उन्हाळ्याचं वाचून छातीत धस्स झालं, कारण मे महिन्यात आम्ही गावी असतो आणि घर बंद. म्हणजे टाकीवाला घेतला तर जूनमध्ये रेघाच का? आणि तो पोस्टकार्डवाला छोटा कुणी वापरलाय का? त्यात शाईच नसते म्हणे.

अमावस्येचा_चंद्र

माझ्याकडे आहे, कॅननचा सेल्फी. नावावरून गैरसमज नको, त्यानं सेल्फी काढता येत नाही. 😀

पातळ शाई नसते, रंगाची फीत असते. प्लास्टिकच्या लांब पट्टीवर फोटोच्या आकाराचे पिवळा, किरमिजी, निळा असे तुकडे आणि शेवटी पारदर्शक थर. उष्णतेनं रंग फितीवरून उडून कागदात शिरतो. कागद चार वेळा आत-बाहेर करतो. आधी सगळे पिवळे दिसतात, मग कावीळ उतरून लालबुंद होतात, निळ्यानंतर माणसात येतात. लहान मुलं हे बघायला गोळा होतात. शेवटच्या थरामुळे ओला हात लागला तरी काही होत नाही.

वाळायला काही नाही, म्हणून महिनोन्महिने कपाटात ठेवा, काढा, लावा, चालू. घर बंद असेल तर हाच योग्य.

आता वाईट गोष्टी. मोठा फोटो नाही, १०० × १४८ मिलिमीटर हाच सर्वांत मोठा. साधा कागद चालत नाही, म्हणजे लेकीचा ज्वालामुखी पोस्टकार्डाएवढाच. कागद आणि फीत जोडीनंच मिळतात, १०८ चा डबा असतो, त्यामुळे एका फोटोचा खर्च ठरलेला आणि स्टुडिओपेक्षा जास्तच. फोटोत नुसतं पांढरं आभाळ असलं तरी फितीचा तेवढा तुकडा खर्च होतोच. आणि धूळ! छापताना कागद मागच्या बाजूनं बाहेर डोकावतो. तिथं धुळीचा कण चिकटला की फोटोवर पांढरा ठिपका. आमच्याकडे होटगी रोडची धूळ फुकट घरपोच येते, म्हणून छापायच्या आधी टेबल ओल्या फडक्यानं पुसून घेते आणि पंखा बंद करते.

तिरकीरेघ, तुम्ही खासगीपणाचं म्हणालात म्हणून सांगते: वापरलेली फीत उजेडात धरली तर प्रत्येक फोटोची उलटी प्रतिमा तिच्यावर स्पष्ट दिसते. कचऱ्यात टाकण्याआधी कापून टाका.

कडकभाकरी

म्हणजे शाळेसाठी एक, सासूबाईंसाठी दुसरा. मी आधीच म्हणालो होतो, स्टुडिओ.

गिरणगावचा_नातू

थोडं अवांतर. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते. खात्यातल्या लोकांसोबतचा त्यांचा एक जुना फोटो काचेच्या फ्रेममध्ये आहे आणि काचेलाच चिकटलाय. तो स्कॅन करून सगळ्या काकांना एकेक प्रत द्यायची आहे. ऑल-इन-वनच्या (प्रिंटर आणि स्कॅनर एकत्र असतो त्या) स्कॅनरवर होईल का? धागाकर्तीला चालणार असेल तर विचारतो.

शेंगाचटणी

चालतंय की. माझे आजेसासरेही जुन्या मिलमध्येच होते, मलाही उपयोग होईल.

निगेटिव्ह

नातूसाहेब, काच ओढू नका! जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. दमट पावसाळ्यात तो काचेला चिकटतो आणि ओढला की चेहरा काचेवर, कागद हातात. काचेसकटच काम करायचं.

घरगुती ऑल-इन-वनमध्ये स्कॅनरची पट्टी अशी असते की ती फक्त काचेला अगदी टेकलेलंच स्पष्ट पाहते. तुमच्या फोटोवर आधीच एक काच आहे, त्यामुळे धूसर येईल. त्यापेक्षा फ्रेम सावलीत, खिडकीच्या बाजूला, उजेड तिरका पडेल अशी ठेवा. फोनला काळं कापड गुंडाळा म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब येणार नाही. झूम न करता, थोडं लांबून, फोन फोटोला समांतर धरून काढा.

सुटे, सपाट फोटो असतील तर ऑल-इन-वन छान. लहान फोटो ६०० डीपीआयवर घ्या म्हणजे दुप्पट मोठा छापता येतो.

हुरडापार्टी

काळं कापड म्हणजे आमच्या हिचा स्कार्फ. विजापूर रोडवर उन्हात तोंडाला बांधतो तो.

गिरणगावचा_नातू

काका, नमस्कार. तसाच काढला, खिडकीपाशी. पाठीमागची पाटीसुद्धा वाचता येतेय, आजवर ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती. आता कुठे छापू?

निगेटिव्ह

मॅट कागदावर. जुना फोटो चकचकीत कागदावर परका दिसतो.

नवीपेठकर

कागदावरून आठवलं. घरचा फोटो बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण प्रिंटर नसतोच, छापताना निवडलेला कागदाचा प्रकार असतो. कागद ग्लॉसी घातलाय आणि सेटिंगमध्ये "प्लेन" राहिलंय, मग शाई कमी पडते आणि फोटो धुपल्यासारखा. उलट केलं तर साध्या कागदावर शाईचं तळं. फोनवरून थेट छापताना हे सेटिंग लपलेलं असतं, ते शोधून बदला. दुसरं, फोनचा पडदा फुल्ल उजळ ठेवून फोटो पसंत केला की छापलेला काळपट वाटणारच. ब्राइटनेस निम्मा करून बघा, मग ठरवा.

शिवाय फोनचा फोटो चारास तीन या प्रमाणाचा आणि चार बाय सहाचा कागद तीनास दोनचा. कडा सोडायच्या नाहीत म्हटलं की वरखाली कापणार. उभ्या असलेल्या काकांचा फेटा पहिल्यांदा जातो. ग्रुप फोटोला पांढरी चौकट ठेवून छापा.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो. साध्या पद्धतीनं पाठवला तर त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. चार बाय सहाला चालतो, ए-फोरला धूसर होतो. पाठवणाऱ्याला "डॉक्युमेंट म्हणून पाठव" सांगा.

तिरकीरेघ

छापल्या छापल्या अल्बममध्ये घालू नका हेही सांगा. शाई वरून कोरडी वाटते, पण आतला ओलावा जायला एक दिवस लागतो. चिकटपट्टीच्या पानांचे अल्बम तर टाळाच. आणि भिंतीवर लावायचा तर काचेच्या आत. उघडा लावलेला शाईचा फोटो नुसत्या हवेनंही फिका पडतो, ऊन लागायलाच हवं असं नाही.

कडकभाकरी

ताई, मूळ प्रश्नावर या. महिन्याला फोटो किती काढणार आणि शाळेचे कागद किती? खरं सांगा.

शेंगाचटणी

खरं सांगायचं तर शाळेचे कागद दर आठवड्याला. फोटो मात्र सणावारी. दिवाळी, गड्डा, कुणाचं बारसं, तेव्हा ढीगभर आणि मधे काहीच नाही. तेही सगळे चार बाय सहाच. एखादा मोठा भिंतीसाठी.

नवीपेठकर

मग सहा रंगांचा नको. त्याला दर आठवड्याला फोटोच पाहिजे असं नाही, पण शाळेचे कागद महागड्या फोटोशाईत छापण्यात अर्थ नाही, आणि एल ८०५० ला स्कॅनरही नाही. चार रंगांचा टाकीवाला ऑल-इन-वन घ्या, बजेटमध्ये बसतो. आठवड्याच्या ज्वालामुखीमुळे हेड आपोआप ओलं राहील. गावाला जाताना शेजाऱ्यांकडे ठेवा आणि आठवड्याला एक रंगीत पान काढायला सांगा. सणाचे फोटो स्टुडिओत, करेक्शन नको म्हणून.

अमावस्येचा_चंद्र

किंवा पुढच्या वर्षी सेल्फी. सासूबाईंना लाल-पिवळं होताना बघायला आवडेल.

चादरवाला_अण्णा

मला पटलं नाही. ताईंनी फरक डोळ्यांनी बघितलाच नाही अजून, नुसतं वाचायल्यात. ताई, शनिवारी मिस्टरांना घेऊन दुकानावर या. एकच फोटो निवडा, निगेटिव्हकाका म्हणतात तसा बाराबंदीचा. माझ्या सहा रंगांवर मी काढून देतो, कागद माझा. तोच स्टुडिओतून काढून आणा. नवीपेठकरच्या घरी चार रंगांचा असेल तर त्यानंही आणावा. तिन्ही शेजारी ठेवू.

नवीपेठकर

आहे. आणतो. मागं नाव लिहायचं नाही, नंबर टाकायचा. बघणाऱ्याला कुठला कशाचा ते कळता कामा नये.

शेंगाचटणी

येते! सासूबाईंनाही आणते, पसंती त्यांचीच. अण्णा, दुकान कुठं?

चादरवाला_अण्णा

अशोक चौकाजवळ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. येताना एक शेंगाचटणी पण आणा, नावातच हाय तुमच्या.

कडकभाकरी

भाकरी मी आणतो. निकाल इथेच टाका, फोटोसकट. व्हॉट्सअ‍ॅपवरून नको.